मुंबईत बाहेर जेवायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उडुपी, इराणी, मालवणी खानावळ, गुजराती भोजनालय, मोहम्मद अली रोडवरची हॉटेलं आणि वांद्र्याची नवी जपानी-थाई रेस्टॉरंट्स, या सगळ्यांना एकच नियम लावून गेलं की फसगत होते. कुठे दारातल्या माणसाकडे नाव नोंदवावं लागतं, कुठे आधी कूपन घ्यावं लागतं, कुठे दुपारी साडेतीनला चूल बंद होते. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत. पदार्थांचे दर सतत बदलतात म्हणून ते दिलेले नाहीत. बिलाचा हिशोब मात्र दिला आहे, कारण सर्वांत जास्त वाद तिथेच होतात.

टेबल आधी राखून ठेवावं लागतं का?

जुन्या ठिकाणी नाही, आणि बहुतेक ठिकाणी ते ठेवतही नाहीत. उडुपी, इराणी, खानावळ इथे जो आधी येईल तो आधी बसेल. नव्या, महागड्या रेस्टॉरंटमध्ये शुक्रवार-शनिवारच्या रात्रीसाठी दोन-तीन दिवस आधी सांगावं. तिथे रात्रीच्या दोन पाळ्या असतात, साधारण साडेसात-आठची आणि साडेनऊची. पहिल्या पाळीचं टेबल घेतलं तर दीड-दोन तासांनी उठायची अपेक्षा असते. निवांत बसायचं असेल तर दुसरी पाळी मागा. बुकिंग बहुधा १५ मिनिटंच धरून ठेवतात, म्हणून ट्रॅफिकमध्ये अडकलात तर फोन करून कळवा.

रात्री अकराला पोचलो, हॉटेल उघडं होतं, तरी जेवण नाही म्हणाले. असं का?

हॉटेल बंद व्हायची वेळ आणि स्वयंपाकघराची शेवटची ऑर्डर या दोन वेगळ्या वेळा आहेत. त्यांच्यात अर्धा ते पाऊण तासाचं अंतर असतं. तंदूर त्याहून आधी विझवतात. म्हणून उशिरा गेल्यावर भाजी मिळते आणि रोटी मिळत नाही, असंही होतं. फोनवर "किती वाजेपर्यंत उघडं आहे?" असं न विचारता "शेवटची ऑर्डर कधी घेता?" असं विचारा. दुपारी साडेतीन ते सात या वेळात खानावळी आणि मोठी रेस्टॉरंट्स बंद असतात. त्या वेळेत भूक लागली तर उडुपी किंवा इराणी गाठावा.

माटुंग्याला पहिल्यांदाच जातोय. कुठे जाऊ, काय मागवू?

मध्य रेल्वेचं माटुंगा स्टेशन, पूर्वेला उतरा. किंग्ज सर्कलपर्यंतच्या दहा मिनिटांच्या चालीत मुंबईतली उत्तम दाक्षिणात्य हॉटेलं आहेत. पण सगळीकडे एकच मागवू नका.

स्टेशनला लागूनच पहिल्या मजल्यावर ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. १९४२ पासूनचं. इथे डोसा खायला जायचं नसतं, इथे जेवायचं असतं. आधी कूपन घ्यायचं. ताटातलं मोजकं जेवण आणि केळीच्या पानावरचं पोटभर जेवण असे प्रकार असतात. पानावर जेवताना पहिल्या फेरीतच भात भरून घेऊ नका. सांबार, रसम आणि ताक यांसाठी भाताचे तीन वाटे धरा. पहिल्याच वाढपाला मोठा ढीग घेतला तर रसमपर्यंत पोट भरलेलं असतं, आणि इथलं रसम चुकवण्यासारखं नाही. पानात अन्न टाकलेलं इथे चालत नाही, ते योग्यच आहे. सोमवारी बंद असतं.

कॅफे मद्रास १९४० चं. दारातल्या माणसाला नाव आणि माणसांची संख्या सांगायची आणि हाक येईपर्यंत फुटपाथवर थांबायचं. रविवारी सकाळी नऊ ते साडेअकरा या वेळात रांग मोठी असते. आठच्या आत गेलात तर थांबावं लागत नाही. हेही सोमवारी बंद. मसाला डोसा सगळीकडे मिळतो, म्हणून इथे रसम वडा, रागी डोसा, पोडी इडली असं काही घ्या. माटुंग्यातल्याच राम आश्रय हॉटेलचा शिरा रोज वेगळा असतो. अननसाचा असला तर आधी तोच सांगून ठेवा, संपतो.

आतमध्ये टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागतं. चौघांच्या टेबलावर तुम्ही दोघं असाल तर समोर आणखी दोघं येऊन बसतील. इथली ती रीतच आहे. खाऊन झाल्यावर लगेच उठायचं, कॉफी घेऊन गप्पा मारत बसायचं नाही. बाहेर लोक ताटकळत असतात.

इराण्याकडे ब्रून मस्का आणि चहा सोडून काय?

आधी ब्रूनबद्दल एक गोष्ट. ब्रून पावाचं कवच कडक असतं आणि ते सकाळीच उत्तम लागतं. पावसाळ्यात दुपारनंतर ते हवेनं चिवट होतं, मग बन मस्का घेतलेला बरा. चहा गोड आणि दाट असतो. स्ट्राँग हवा असेल तर "पानी कम" म्हणा.

न्याहारीला खिमा पाव, अकुरी म्हणजे पारशी पद्धतीची अंडा भुर्जी, किंवा खिम्यात अंडं फोडून घोटलेला खिमा घोटाळा. मेट्रो सिनेमाजवळचं कयानी, १९०४ चं, यासाठी चांगलं. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया, १९२३ चं, दुपारच्या जेवणासाठी. तिथला बेरी पुलाव प्रसिद्ध आहे. त्यातली लाल, आंबट फळं म्हणजे इराणी झरेश्क. एक प्लेट एका भुकेल्या माणसाची, बरोबर सली बोटी (मटणाचा रस्सा, वर तळलेल्या बटाट्याच्या काड्या) घेतली तर दोघांना पुरते. धानशाक, म्हणजे डाळी आणि भाज्यांत शिजवलेलं मटण, बहुतेक पारशी घरांत रविवारचं जेवण असतं. लग्नकार्याला ते करत नाहीत, म्हणून पारशी मित्राच्या शुभकार्याची पार्टी देताना ते मागवू नका.

जवळ रोख पैसे ठेवा. जुन्या ठिकाणी कार्ड चालेलच असं नाही.

मालवणी खानावळीत ताजी मासळी मिळेल हे कसं ओळखायचं?

वाराकडे बघा. मुंबईत मासळीचे वार म्हणजे बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवार, गुरुवार, शनिवार कित्येक घरांत पाळले जातात, त्यामुळे त्या दिवशी खानावळीत गर्दी कमी आणि माल हळू संपतो. काल आणलेली सुरमई आज तुमच्या ताटात येण्याची शक्यता तेव्हा जास्त. शुक्रवारी दुपारी एकच्या सुमाराला जा, सगळं हलतं असतं.

दुसरी गोष्ट, मेनूकार्ड बाजूला ठेवून "आज काय चांगलं आलंय?" असं विचारा. चांगल्या खानावळीतला वाढपी सरळ सांगतो, "आज हलवा घ्या, पापलेट राहू द्या." त्याचं ऐकावं. पंधरा प्रकारची मासळी रोज "आहे" म्हणणाऱ्या छोट्या हॉटेलात बराचसा माल फ्रीझरमधला असतो.

तिसरी, तळणाची निवड. रवा फ्रायचं आवरण चव झाकतं, तव्यावरचा मसाला फ्राय झाकत नाही. मासळीच्या ताजेपणाबद्दल शंका असेल तर तवा फ्राय मागवा, पहिल्या घासातच कळेल. ताज्या सुरमईचे पापुद्रे स्वच्छ सुटतात. गोठवून सैल झालेली मासळी पिठूळ लागते आणि प्लेटमध्ये पाणी सोडते. बोंबलाला मात्र रवाच हवा. तो आधी वजनाखाली दाबून त्यातलं पाणी काढलेलं असेल तर कुरकुरीत होतो, नाहीतर आतून लगदा. आणि आला की लगेच खायचा. पाच-सात मिनिटांत मऊ पडतो, त्यामुळे पार्सल न्यायची ही वस्तू नव्हे.

थाळीत साधारण तळलेली एक तुकडी, कालवण, एखादं सुकं, भाकरी किंवा चपाती, भात आणि सोलकढी असते. कालवण आणि सोलकढी पुन्हा मिळते का, भाकरी किती, हे आधी विचारा. प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. तिसऱ्या (शिंपल्या) हव्या असतील तर बसल्या बसल्या सांगा, दुपारी दीडनंतर हमखास संपतात.

मेनूत किमतीच्या जागी "एपीएस" लिहिलंय. म्हणजे काय?

"ॲज पर साइज", आकारानुसार दर. पापलेट, खेकडा, शेवंड, मोठी कोळंबी यांना तो लावतात. यात गैर काही नाही, पण ऑर्डर देण्याआधी आकडा विचारणं हा तुमचा हक्क आहे. तीन गोष्टी विचारा. कच्चं वजन किती, त्या नगाची पूर्ण किंमत किती (किलोचा दर नव्हे), आणि त्यावर कर वेगळा का. जमलं तर मासळी टेबलावर आणून दाखवायला सांगा. फोर्टमधल्या मंगळुरी हॉटेलांत जिवंत खेकडा दाखवायची पद्धतच आहे. दोघांना एक मोठा खेकडा पुरतो, पण त्याच्या निम्म्याहून जास्त वजन कवचाचं असतं, म्हणून सोबत नीर डोसा आणि एखादी गस्सी (नारळाच्या वाटणाचा मंगळुरी रस्सा) ठेवा.

जून-जुलैमध्ये मासे खायला जावं का?

जावं, पण मागवण्यात बदल करून. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीला बंदी असते, हा माशांच्या प्रजननाचा काळ. या दिवसांत बाजारात खाडीतली मासळी, दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेली मासळी आणि गोठवलेला माल असतो. तेव्हा पापलेटच्या मागे लागू नका. सोड्यांची खिचडी, सुकट, जवळा, सुक्या बोंबलाचं कालवण हे खरं पावसाळ्याचं जेवण, ते घ्या. किंवा कोंबडी वडे. वडे गरम असतानाच फुगलेले राहतात, म्हणून सगळ्यांचे एकदम न मागवता दोन फेऱ्यांत मागवा.

गुजराती थाळीत अर्ध्यावरच पोट भरतं. काय चुकतं?

फरसाण. पहिल्या दोन मिनिटांत ढोकळा, पात्रा, कचोरी येते आणि भुकेच्या भरात सगळं संपतं. एकेक तुकडा घ्या. वाढपी खुणांनी एकमेकांना काय कमी आहे ते सांगत असतात, त्यामुळे वाटी रिकामी दिसली की भरली जाते. नको असेल तर वाटीवर हात आडवा धरा, नुसतं "नको" गर्दीत ऐकू जात नाही. फुलके तुपाचे आणि बिनतुपाचे दोन्ही असतात, सांगावं लागतं. दाळ गोडसर असते, ते चुकून झालेलं नाही. खिचडी-कढीसाठी जागा ठेवा. काळबादेवीच्या श्री ठाकर भोजनालयात (१९४५) ती शेवटीच वाढतात आणि तिच्यावर तूप घ्यावंच. एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत आमरस असतो. तो थाळीत धरलाय की वेगळा लावतात, आणि दुसरी वाटी मिळते का, हे बसताना विचारा. दोघांत एक थाळी चालत नाही, उरलेलं बांधून देत नाहीत.

मोहम्मद अली रोडला रमजानमध्ये कधी जावं?

पहिल्या दोन आठवड्यांत, मधल्या वारी. शेवटच्या दहा दिवसांत ईदच्या खरेदीची गर्दी मिसळते आणि मिनारा मशिदीच्या गल्लीत पाऊल टाकायला जागा नसते. इफ्तारनंतर तासाभरानं पोचा. ऐन इफ्तारच्या वेळी रोजेदारांना आधी खाऊ द्यावं, आणि स्टॉलवालेही तेव्हा स्वतः रोजा सोडत असतात. टॅक्सी नको, मस्जिद किंवा सँडहर्स्ट रोड स्टेशनवरून चालत जा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्याच स्टॉलवर पोटभर कबाब. चौघं असाल तर प्रत्येक ठिकाणी एकच प्लेट घ्या, वाटून खा आणि पुढे चला. मालपुवा एकच पुरतो, तो अंड्याचा आणि जड असतो. फिरनी मातीच्या भांड्यात गार केलेली घ्या, सुलेमान उस्मान मिठाईवाल्याकडे दोन्ही मिळतं.

नल्ली निहारी खायची तर भेंडी बाजारच्या नूर मोहम्मदीसारख्या ठिकाणी बसून, गरम असताना, खमिरी रोटीबरोबर. थंड झाली की चरबी थिजते आणि तोंडाला चिकटते. रमजान नसतानाही ती मिळते. तेव्हा गर्दी कमी, चव तीच.

शाकाहारी आहोत. थाई, जपानी, इटालियन ठिकाणी कशाची चौकशी करू?

मांसाचा तुकडा नसला म्हणजे पदार्थ शाकाहारी झाला असं नाही. थाई करीच्या वाटणातच बहुधा खारवून आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट असते आणि वरून फिश सॉस, म्हणजे नंतर काही काढून टाकता येत नाही. वेगळं शाकाहारी वाटण आहे का, असं विचारा. जपानी मिसो सूपचं पाणी सुक्या माशाच्या कापांपासून करतात. किमचीत खारवलेली कोळंबी किंवा फिश सॉस असतो. चायनीजमध्ये ऑयस्टर सॉस आणि सूपमध्ये चिकनचं पाणी. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाचे छोटे मासे. अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात. मूस आणि पानाकोटा या गोड पदार्थांत जिलेटिन असू शकतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात.

मुंबईत बहुतेक ठिकाणी या सगळ्याचा शाकाहारी पर्याय तयार असतो, कारण गिऱ्हाईक मोठं आहे. फक्त "व्हेज आहे ना?" असं विचारलं तर सवयीनं "हो" येतं. "यात फिश सॉस आहे का?" असं नेमकं विचारा, मग वेटर आत जाऊन विचारून येतो.

जैन जेवण सगळीकडे मिळतं का?

कांदा, लसूण, बटाटा आणि जमिनीखालचं काही नको, हे "जैन" म्हटलं की मुंबईत सगळ्यांना कळतं. जैन पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चं केळं घालतात आणि ती छान लागते. अडचण तयार ग्रेव्ह्यांची आहे. पंजाबी हॉटेलात लाल ग्रेव्ही सकाळीच कांदा-लसूण घालून केलेली असते, त्यामुळे जैन भाजी वेगळी करायला वेळ लागतो. घाईच्या वेळी कुणी चुकून तीच घालतं. सांबारातही छोटे कांदे असतात, चटणीवर भागवा. तवा वेगळा हवा असेल तर ते स्वतंत्रपणे सांगावं लागतं. स्वामिनारायण म्हणजे कांदा-लसूण नको पण बटाटा चालतो. गोंधळ होऊ नये म्हणून काय नको ते नावं घेऊन सांगा.

ॲलर्जी असेल तर?

पदार्थाचं नाव नव्हे, घटकाचं नाव सांगा, आणि "आवडत नाही" न म्हणता "खाल्लं तर दवाखान्यात न्यावं लागेल" असं स्पष्ट म्हणा. मराठी पदार्थांत शेंगदाणे न दिसता असतात, भाजीत, कोशिंबिरीत, साबुदाण्यात. पंजाबी पांढऱ्या ग्रेव्हीत काजू. गहू चालत नसेल तर साधा डोसा बहुधा चालतो, पण रवा डोसा नाही. बाजारच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं आणि सोया सॉसमध्येही गहू असतो. कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांनी मालवणी खानावळीत तळलेलं टाळावं, कारण सगळं एकाच कढईत आणि एकाच तेलात तळतात.

चौघांना किती मागवायचं?

पंजाबी-मोगलाई ठिकाणी दोन स्टार्टर, दोन भाज्या, एक दाळ, एक भात, माणशी दोन रोट्या. इथेच थांबा आणि लागलं तर पुन्हा मागवा. रोट्या स्टार्टरबरोबर सांगू नका, भाजी यायच्या आत कडक होतात. चायनीजमध्ये फ्राइड राइसची एक प्लेट दोघांना, कधी तिघांनाही होते. सूप "वन बाय टू" मागितलं तर दोन वाट्यांत वाटून आणतात.

बिलात काय काय तपासायचं?

रेस्टॉरंटच्या जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो, २.५ टक्के केंद्राचा आणि २.५ टक्के राज्याचा. एसी असो वा नसो, तेवढाच. खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांहून जास्त असलेल्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटमध्ये मात्र १८ टक्के. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, त्यामुळे दारू वेगळ्या बिलावर येते. छोटं हॉटेल कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीची जीएसटीची सोपी पद्धत) असेल तर ते गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेऊच शकत नाही. बिलावर तसं छापलेलं असतं.

सर्व्हिस चार्ज हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तो आपोआप बिलात लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला ती मनाई कायम ठेवली. हिशोब असा : जेवण २,००० रुपये, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज २००, मग २,२०० वर ५ टक्के जीएसटी ११०, एकूण २,३१०. सर्व्हिस चार्ज काढला तर २,१००. म्हणजे फरक २०० चा नाही, २१० चा. काढायला सांगायचा तर शांतपणे, पैसे देण्याआधी. नाही म्हणाले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, त्यासाठी बिल जपून ठेवा.

बाटलीबंद पाण्याचं म्हणाल, तर रेस्टॉरंटमध्ये छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं आहे. न विचारता बाटली फोडू देऊ नका. "साधं पाणी" मागा, ते द्यावंच लागतं. एसी आणि बिनएसी भागाची मेनूकार्डं वेगळी असतात, बिल कोणत्या दरानं लावलंय तेही बघा. आणि बिल करण्यासाठी मोबाइल नंबर देणं सक्तीचं नाही.

टिप किती? आणि ॲपवरची सवलत?

सर्व्हिस चार्ज दिला असेल तर टिप नको. नसेल तर ५ ते १० टक्के, शक्यतो रोख आणि वाढणाऱ्याच्या हातात. सवलतीसाठी पैसे ॲपमधूनच द्यावे लागतात, एकदा काउंटरवर कार्ड दिलं की सवलत गेली. बुफे, दारू आणि सणाचे दिवस बहुधा वगळलेले असतात.

आजी-आजोबांना घेऊन जायचंय. काय बघू?

जिना. दादर, गिरगाव, फोर्टमधल्या जुन्या हॉटेलांत एसी भाग पोटमाळ्यावर असतो आणि तिथला जिना उभा, अरुंद असतो. फोनवर विचारा : खाली एसी आहे का, बाथरूम त्याच मजल्यावर आहे का. दुपारी बाराला गेलात तर खालचं टेबल मिळतं. "कमी तिखट" भाजीत जमतं, बिर्याणीत जमत नाही, कारण ती आधीच शिजलेली असते.

पदार्थ बिघडलेला निघाला तर?

दोन घासांतच सांगा. अर्धी प्लेट संपल्यावर बदलून मिळत नाही. प्लेट तशीच ठेवा, फोटो घ्या, वेटरऐवजी मॅनेजरला बोलवा आणि बदलून हवं की बिलातून काढायचं ते एकदाच ठरवून सांगा. खाऊन त्रास झाला तर आधी डॉक्टर, मग तक्रार. तक्रारीला बिल लागतं, कारण त्यावर त्या हॉटेलचा १४ अंकी अन्न परवाना क्रमांक असतो. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. नसेल तर दर्शनी भागात लावलेल्या परवान्याचा फोटो काढून घ्या.